सैनिकांचीं घरपत्रें : प्रामाण्यविचार

मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें म्हणून आजवर जें छापलें गेलें त्यांत पत्रांचा वाटा सर्वांत मोठा आहे. राजवाड्यांचा पहिला खंड इ. स. १८९८ त निघाला. पुढें सरदेसायांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग प्रसिद्ध केले. खासगी घराण्यांचीं दप्तरें तर अद्यापि निघतच आहेत. परंतु हीं पत्रें लिहिलीं कोणीं? पेशव्यांनीं, सरदारांनीं, वकिलांनीं, कारकुनांनीं आणि सावकारांनीं. ज्याच्या भाल्याच्या आधारानें हा सर्व पसारा उभा होता तो बारगीर अथवा पायदळाचा शिपाई घरीं काय कळवीत असे, त्याच्या मागें बायकापोरांचें कसें चाले, याविषयीं त्यांत जवळजवळ अक्षर नाहीं. लिहितां येत नव्हतें हें एक कारण. आणि कोणाकडून लिहवून घेतलें तरी तो कागद जपून ठेवण्यास त्याच्या घरीं दप्तर नव्हतें, हें दुसरें. विसाव्या शतकांतील दोन महायुद्धांत मात्र हें दुसरें कारण एका चमत्कारिक रीतीनें नाहींसें झालें. शिपायाचें पत्र त्याच्या घरीं राहिलें नाहीं, पण सरकारच्या दप्तरीं राहिलें.

या दप्तरांतून डेव्हिड ओमिसी यांनीं निवडून संपादिलेला ‘इंडियन व्हॉइसेस ऑफ द ग्रेट वॉर’ हा संग्रह १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यास आतां बराच काळ लोटला असतांहि त्याचें परीक्षण येथें योजण्याचें कारण असें कीं, पहिल्या महायुद्धाच्या शताब्दीपासून आपल्याकडील लेखांत व व्याख्यानांत त्यांतील उतारे ‘आपल्या शिपायांचे उद्गार’ म्हणून देण्याची चाल पडत चालली आहे. कुलाबा व रत्नागिरी या जुन्या जिल्ह्यांतील घराण्यांविषयीं लिहितांनाहि हेच उतारे घेतले जातात. हें कितपत ग्राह्य आहे, याचा विचार करणें अवश्य आहे.

प्रथम हीं पत्रें हातीं कशीं आलीं तें पाहूं. १९१४ च्या अखेरीस फ्रान्समध्यें हिंदी पलटणींचें टपाल तपासण्याकरितां एक कचेरी निघाली. तिचा पहिला प्रमुख हॉवेल नांवाचा, हिंदुस्थानांतील मुलकी नोकरीचा अधिकारी होता. या कचेरींतून ठराविक मुदतीनें वरिष्ठांकडे अहवाल जाई व त्यास निवडक पत्रांच्या इंग्रजी भाषांतराचे उतारे जोडलेले असत. शिपायांचें मन कसें आहे, कोठें असंतोष आहे काय, हें सरकारास कळावें एवढाच त्यांत हेतु. हे अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत इंडिया ऑफिसच्या कागदांत आहेत. मूळ पत्रें बहुतेक पुढें घरोघर रवाना झालीं, कांहीं अडकवून ठेवण्यांत आलीं.

तेव्हां आपल्यापुढें जें येतें त्यास किती हात लागले आहेत हें मोजावें. शिपाई तोंडानें सांगणार; पलटणींतील एखादा लिहिणारा तें कागदावर उतरविणार; पलटणीचा अधिकारी त्यावर नजर फिरविणार; तपासणी-कचेरींतील भाषांतरकार त्याचें इंग्रजी करणार; तेथील प्रमुख त्यांतून हवा तेवढा भाग उचलणार; आणि ऐंशी वर्षांनीं संपादक त्या उताऱ्यांतून पुन्हां निवड करणार. संस्कृत ग्रंथांचे पाठभेद पाहण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें त्यांस निराळें सांगावयास नको कीं, पोथीची नक्कल आणि पोथीच्या भाषांतराचा सारांश यांत महदंतर आहे. नक्कल कितीहि अशुद्ध असली तरी तिच्या चुकांवरून मूळ पाठाचा माग लागतो. भाषांतरांत तो माग पुसला जातो, आणि भाषांतर जितकें चांगलें तितका तो अधिक पुसला जातो.

याचें उदाहरण आपल्या शेजारचेंच आहे. पेण तालुक्यांतील वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमींत उत्तरेंत सांपडले आणि घरीं परत आल्यावर बऱ्याच वर्षांनीं त्यांनीं ती हकीकत लिहून काढली. चिंतामणराव वैद्यांनीं ती १९०७ सालीं ‘माझा प्रवास’ या नांवानें छापली. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनीं केलेली आवृत्ति १९६६ सालीं निघाली, तेव्हां वैद्यांनीं भाषा किती सारखी केली होती व काय काय गाळलें होतें हें लोकांस कळलें. भिक्षुकाचें मराठी विद्वानाच्या मराठींत जातांना एवढा फेर पडतो, तर शिपायाचें बोलणें परक्या सरकारच्या इंग्रजींत जातांना काय होत असेल? वैद्यांचा हेतु तरी वाचकांस गोडी लागावी हा होता. अहवाल लिहिणाराचा हेतु वाचकांस नव्हे, सेनापतीस उपयोगी पडावें हा होता.

हें सर्व ओमिसी यांस ठाऊक नाहीं असें नाहीं. प्रस्तावनेंत त्यांनीं या अडचणी सांगितल्या आहेत. पत्र मूळ कोणत्या भाषेंत होतें, कोणीं कोणास लिहिलें, कोठून लिहिलें हें जेथें उपलब्ध आहे तेथें दिलें आहे. अनुक्रम कालाचा ठेविला आहे, विषयवार तुकडे पाडलेले नाहींत. संपादनाची ही पद्धति प्रामाणिक आहे आणि आपल्या कित्येक खंडांपेक्षां सरस आहे, हें मोकळ्या मनानें कबूल केलें पाहिजे. संग्रहांतील मजकूरहि मोलाचा आहे. शिपाई जमिनीच्या गहाणाविषयीं विचारतो, मुलीचें लग्न थांबवूं नका म्हणतो. फ्रेंच कुटुंबांत उतरलेले शिपाई तेथील म्हाताऱ्या बाईस आई मानतात, आणि तेथील बायकांस लिहितां वाचतां येतें हें पाहून, आपल्या बायकामुलींस शिकवा असें घरीं बजावतात. तपासणी चुकविण्यासाठीं सांकेतिक भाषाहि वापरलेली दिसते. काळें मिरें म्हणजे हिंदी शिपाई व तांबडें मिरें म्हणजे गोरा, हा संकेत तर आतां प्रसिद्धच आहे. लढाईंतून सुटका व्हावी म्हणून कोणी घरून बिबवे मागवितो. बिबवा उतला म्हणजे काय होतें हें कोंकणांतल्या पोरासहि ठाऊक असतें. इंग्रज अधिकाऱ्यास तें कळावयास कांहीं काळ लागला असावा!

पण आमचा मुख्य आक्षेप निराळ्याच ठिकाणीं आहे, आणि तो संपादकावर नसून त्याच्या आधारानें अनुमानें काढणारांवर आहे. या पत्रांत बायकोस उद्देशून लिहिलेलीं पत्रें थोडीं, बायकांनीं लिहविलेलीं त्याहून थोडीं. यावरून कोणी असें म्हणतात कीं, हिंदी शिपायास घराची ओढ होती ती शेताची व भाऊबंदांची, बायकोची नव्हे. हें म्हणणें मायन्याचें ज्ञान नसल्यामुळें निघालें आहे. एकत्र कुटुंबांतला मुलगा घरीं पत्र घाली तें वडिलांच्या अथवा थोरल्या भावाच्या नांवें. ‘तीर्थरूप’ यांस साष्टांग नमस्कार, मातोश्रींस नमस्कार, धाकट्यांस आशीर्वाद, आणि मग सर्व मंडळींस यथायोग्य. बायकोस पत्र लिहिणें हें वडील माणसांदेखत तिच्याशीं बोलण्यासारखें. तें मर्यादेस सोडून होतें. शिवाय पत्र वाचून दाखविणारा बहुधा शाळामास्तर, पोस्टमन अथवा गांवचा तलाठी असावयाचा. अशा चारचौघांत वाचल्या जाणाऱ्या कागदांत नवरा बायकोस काय लिहिणार?

म्हणून अशा पत्रांत बायको शोधावयाची ती ‘घरांतील मंडळी’ या शब्दांत शोधावी, आणि मूल ‘चिरंजीव’ या शब्दाच्या मागें. चिरंजीवाची प्रकृति कशी आहे, असें विचारणारा बाप एका प्रश्नांत दोघांची विचारपूस करीत असतो. कारण त्या प्रश्नाचें उत्तर जिच्यापाशीं आहे ती व्यक्ति एकच. दुभत्या म्हशीची चौकशी, माहेरीं कोण गेलें व परत कधीं आलें याची चौकशी, सणाला नवें लुगडें घेतलें कीं नाहीं हा प्रश्न, यांचेंहि तसेंच. अलंकारशास्त्रांत ज्यास पर्यायोक्त म्हणतात तें हेंच: सांगावयाचें तें सरळ न सांगतां दुसऱ्या वाटेनें सांगावयाचें. आतां भाषांतरकारानें काय करावें? मायना, नमस्कार, यथायोग्य, हें त्यास निरर्थक वाटणार. ठराविक मजकूर म्हणून तो गाळणार. आणि अहवालास तर त्याचा उपयोग मुळींच नाहीं. उतारा मधूनच सुरू होतो आणि मधेंच तुटतो तो यामुळें. म्हणजे ज्या ओळींत शिपायाचा संसार होता त्याच ओळी प्रथम गेल्या. उरलेल्या ओळींत संसार दिसत नाहीं म्हणून तो नव्हता असें म्हणणें, हा कोठला न्याय?

दुसरा दोष अतिव्याप्तीचा आहे. फ्रान्समधील हिंदी फौजेंत पंजाब, सरहद्द, गढवाल व नेपाळ येथील लोकांचा भरणा होता. मराठे तेथें नव्हते असें नव्हे. खडकीच्या सॅपर्सच्या कंपन्या ऑक्टोबर १९१४ मध्यें न्यू शापेल येथें लढल्या, त्यांत मराठे होतेच. परंतु कोंकण व देश येथील भरती ज्या मराठा पलटणींत झाली त्यांपैकीं १०३, ११० व ११७ या तीन मेसापोटेमियांत गेल्या आणि जनरल टाउनशेंडबरोबर कुत येथील वेढ्यांत सांपडल्या. हा वेढा ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत चालला. टपालाचा मार्ग बंद. पुढें शरणागति, आणि उरलेल्यांची वाळवंटांतून पायीं रवानगी. रास-अल्-ऐनच्या रेल्वेच्या कामावर कित्येक मेले, कित्येकांचा पत्ताच लागला नाहीं. अशा शिपायाच्या घरीं पत्र येत नव्हतें याचा अर्थ तो मेला, कीं कैदेंत आहे, कीं फितूर झाला, हें गांवांत कोण सांगणार? फ्रान्समधून नियमानें पत्र पाठविणाऱ्या घोडेस्वाराचे उतारे घेऊन या घरांचें चित्र काढावयाचें म्हणजे वाहत्या नदीवरून आटलेल्या विहिरीचें वर्णन करण्यासारखें आहे.

कुतचीच गोष्ट निघाली म्हणून बंगाल्यांतील एक उदाहरण देतों. कल्याणकुमार मुखर्जी नांवाचे सैन्यांतील डॉक्टर कुत येथें सांपडले व १९१७ त कैदेंतच वारले. त्यांनीं आईस लिहिलेलीं पत्रें त्यांच्या आजी मोक्षदादेवी यांनीं ‘कल्याणप्रदीप’ या चरित्रांत १९२८ सालीं छापविलीं. शिकलेल्या घरांतलीं पत्रें शिकलेल्या म्हातारीनें सांभाळलीं. मूळ भाषेंत आणि मायन्यासकट. हा ग्रंथ व ओमिसींचा संग्रह शेजारीं शेजारीं ठेविल्यास मूळ व छाया यांतील भेद कोणाच्याहि ध्यानीं येईल.

नवरा जिवंत आहे कीं नाहीं हें न कळण्याचें दुःख आपल्या इतिहासांत नवें नाहीं. पानपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनीं वैधव्य स्वीकारलें नाहीं. १७८३ त वारल्या तोंवर त्यांनीं सौभाग्यचिन्हें धारण केलीं होतीं. भाऊसाहेबांचा तोतया १७७६ त रत्नागिरीच्या कैदेंतून सुटून कोंकणांत शिरजोर झाला आणि थेट बोरघाटापर्यंत येऊन भिडला. त्यास एवढे लोक कां मिळाले, याचीं राजकीय कारणें पुष्कळ सांगतात. परंतु पेशव्यांच्या वाड्यांत एक स्त्री पंधरा वर्षें नवऱ्याची वाट पाहत बसली आहे, ही गोष्ट घरोघर ठाऊक असल्यामुळें तोतयाचें बोलणें खोटें ठरविणें कठिण झालें असलें पाहिजे, असें आम्हांस वाटतें. नरसिंह चिंतामण केळकरांनीं या प्रकरणावर नाटक रचलें तें उगीच नव्हे. पार्वतीबाईंचें नांव दप्तरांत राहिलें, कारण त्या पेशव्यांच्या घरच्या. पानपतावर गेलेल्या ज्या शिपायांचा पत्ता लागला नाहीं त्यांच्या बायकांनीं किती वर्षें वाट पाहिली हें कोणीं लिहून ठेविलें?

स्मृतिकारांनीं या प्रश्नाचा विचार केलेला आहे. मनूनें नवव्या अध्यायांत सांगितलें कीं, कार्यानिमित्त परदेशीं जाणारानें प्रथम बायकोच्या निर्वाहाची तजवीज करून मग जावें. आणि नवरा धर्मकार्यास गेला असल्यास आठ वर्षें, विद्येसाठीं वा यशासाठीं गेला असल्यास सहा, आणि विषयसुखासाठीं गेला असल्यास तीन वर्षें वाट पाहावी. दरमहा अकरा रुपयांवर बसऱ्यास गेलेला शिपाई या तिहींपैकीं कोणत्या सदरांत घालावा, हा प्रश्न एखाद्या निबंधकारापुढें कोणी ठेविला असता तर मौज झाली असती. निर्वाहाची तजवीज म्हणाल तर पगारांतून घरीं रक्कम लावून देण्याची सोय सरकारनें केली होती. ती वेळेवर पोंचे कीं नाहीं, आणि पोंचली तर सासऱ्याच्या हातीं पडे कीं सुनेच्या, हा संशोधनाचा विषय आहे.

विद्वानांनीं आणखी एका मोहापासून दूर राहावें. संस्कृत व प्राकृत वाङ्मयांत प्रोषितभर्तृका ही ठरलेली नायिका. हाल सातवाहनाच्या नांवानें चालणारी गाथासप्तशती तर आपल्याच महाराष्ट्री प्राकृतांतली, आणि प्रवासास गेलेल्याची बायको तींत पानोपानीं भेटते. पेशवाईंतील शाहिरांच्या लावण्यांतहि स्वारीस गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी स्त्री आहेच. पण त्या काळच्या स्वारीस एक बेत होता. दसऱ्यास सीमोल्लंघन करावें, मुलूखगिरी करून पावसाळ्याच्या तोंडावर घरीं यावें. विरह असला तरी तो आठ महिन्यांचा आणि पेरणीच्या वेळीं संपणारा. मेघदूतांतल्या यक्षाचाहि शाप वर्षभोग्यच होता, आणि त्याचा शेवट कधीं होणार हें त्यास ठाऊक होतें. महायुद्धांतील शिपायास ना मुदत ठाऊक, ना दिशा. जातांना पाळण्यांत ठेविलेलें मूल तो परत येईपर्यंत शाळेंत जाण्याजोगें झालेलें असे, आणि बापास ओळखत नसे. याचें वर्णन करितांना यक्षाचीं विशेषणें कामाचीं नाहींत. आम्हीं स्वतः पस्तीस वर्षें मेघदूत शिकविलें आहे, म्हणून हें अधिकच आग्रहानें सांगतों.

पत्रांखेरीज दुसरें साधन शिलालेखांचें. कोंकणांत व देशावर कित्येक गांवीं संगमरवराची एक लहान पाटी आढळते: या गांवांतून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले, त्यांपैकीं इतक्यांनीं प्राण दिले. नांवें नाहींत, नुसते आंकडे. चावडीच्या अथवा शाळेच्या भिंतींत ती बसविलेली असते, आणि भिंत पाडून नवी इमारत बांधितांना कित्येकदां राडारोड्यांत जाते. ताम्रपटासाठीं दहा कोस चालणारे आमचे संग्राहक या पाट्यांकडे ढुंकून पाहत नाहींत. त्या इंग्रजी आमदानीच्या म्हणून त्यांस जुनेपणा नाहीं असें त्यांस वाटतें. वास्तविक या पाटीची परंपरा वीरगळाची आहे. वीरगळावर खालीं पडलेला वीर, मधें लढाई, वर अप्सरा त्यास स्वर्गीं नेतात आणि शेवटीं तो शिवलिंगापुढें बसलेला. बोरिवलीजवळ एकसर येथील वीरगळांवर तर नावांची लढाई कोरलेली आहे. त्यांतहि घरचीं माणसें नाहींत. बायको आलीच तर सतीशिळेवर, एका बांगड्या भरलेल्या हाताच्या रूपानें. मूल कोठेंच नाहीं. संगमरवरी पाटीनें अप्सरा काढून टाकल्या आणि वीराचा चेहराहि काढून टाकला, एवढाच फरक.

दुसऱ्या महायुद्धांत आमच्या जिल्ह्यास एक नांव मात्र मिळालें. माणगांव तालुक्यांतील पळसगांवचे नाईक यशवंत घाडगे हे ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणींत होते. ही पलटण म्हणजेच कुत येथें सांपडलेली जुनी ११० वी. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत त्यांच्या तुकडींतील बाकीचे सर्व मेले किंवा जखमी झाले असतां ते एकटे शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले. हातबाँब टाकला, एकास गोळी घातली, काडतुसें बदलण्यास अवधि नाहीं असें पाहून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांस दस्त्यानें ठार केलें, आणि तेथेंच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून पडले. वय तेवीसहि पुरें नव्हतें. त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आणि तो मार्च १९४५ मध्यें दिल्लीस व्हाइसरॉय वेव्हेल यांच्या हातून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं स्वीकारला. माणगांवीं त्यांचा पुतळा आहे. सन्मानपत्राचा मजकूर हा प्रशस्तीचा उत्तम नमुना होय. एकहि विशेषण अधिक नाहीं. पण प्रशस्ति ती प्रशस्तीच. तींत लढाईचीं मिनिटें आहेत, घराचीं वर्षें नाहींत. लक्ष्मीबाईंचें नांव इतिहासांत येतें तें पदक घेण्याच्या क्षणीं, आणि तेंहि पदकाच्या हकीकतींत.

तेव्हां उरतात ते घरोघरचे कागद. पनवेल, पेण, माणगांव, महाड, खेड या बाजूस पेन्शनीच्या पुस्तकांत, देव्हाऱ्यामागील डब्यांत, वळचणींतील पत्र्याच्या पेटींत ते अजून सांपडण्याजोगे आहेत. १९१७ त उभारून १९२१ त मोडलेल्या १११ व्या महार पलटणींतील लोकांचीं घरें यांत विशेष पाहावीं. त्या समाजांत फौजेच्या नोकरीबरोबर अक्षरओळख आली होती, आणि स्वतःच्या हातचें पत्र मिळण्याचा संभव तेथें अधिक. आतांपर्यंत जें गोळा होतें तें बहुधा तिकिटांच्या शोकिनांकडून. ते पाकीट घेतात, कारण त्यावर फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक व तपासणीचा शिक्का असतो, आणि आंतील कागद घरवाल्यास परत देतात किंवा फेंकून देतात. असा एक गठ्ठा आम्हीं पाहिला. चाळीस पाकिटें, पत्र एकहि नाहीं.

नक्कल करणारानें मायना पुरा उतरून घ्यावा, यथायोग्यापर्यंत. शुद्धलेखन सुधारूं नये. अक्षर कोणाचें आहे, एकाच पलटणीच्या दोन घरांतील पत्रांत तेंच अक्षर दिसतें काय, हें ताडून पाहावें. त्यावरून पलटणीचा लिहिणारा ओळखतां येईल आणि त्याचीं ठराविक वाक्यें वजा केल्यावर शिपायाचें स्वतःचें काय उरतें तें दिसेल. पाकिटावर गांवाचें नांव नसून नुसता क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून ठिकाण ठरविण्याच्या याद्या टपालतज्ज्ञांनीं छापल्या आहेत, त्या जवळ असाव्यात. पाठविल्याची व पोंचल्याची अशा दोन्ही तारखा टिपाव्या, म्हणजे घरीं किती दिवस वाट पाहिली गेली याचा हिशेब लागेल. आणि मनिऑर्डरचीं कुपनें टाकूं नयेत. त्यांवर दोन ओळी लिहिण्यापुरती जागा असते, आणि रकमेचें कुपन सही अथवा अंगठा करणाराच्या हातीं पडतें. ज्या घरीं सासरा नव्हता त्या घरीं ती अंगठ्याची निशाणी बायकोची.